बेळगाव परिसरातील मेथडिस्ट मंडळीचा प्रारंभ १८२० धरावा की १९०४?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

सर्वांना सलाम.

खानापूर तालुक्यातील आमच्या लहानशा मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथांपैकी एक) मंडळीची स्मरणिका काढण्याचे काम पाळकसाहेबांनी माझ्याकडे सोपवले आहे. आमची मंडळी बेळगावच्या मंडळीची शाखा म्हणून वाढली, त्यामुळे आमचा इतिहास सांगायचा तर बेळगावपासूनच आरंभ करावा लागतो, आणि नेमके तिथेच काम अडले आहे. समितीतील ज्येष्ठ सभासद सांगतात की बेळगावात मिशनचे काम १८२० मध्ये सुरू झाले, तेव्हा आपली परंपरा दोनशे वर्षांची आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की त्या वेळी इथे मेथडिस्ट कोणी नव्हतेच. मेथडिस्ट मिशन १९०४ मध्ये आले, म्हणून तेच वर्ष धरावे. दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक आहेत आणि मला कोणालाही दुखवायचे नाही, पण मुखपृष्ठावर एक वर्ष छापावे लागणार आहे.

आमच्याकडे असलेली बाप्तिस्म्याची सर्वांत जुनी नोंदवही मेथडिस्ट काळातील आहे. तिच्या पहिल्याच पानांवर काही वयस्क सभासदांच्या नावांपुढे बाप्तिस्म्याची तारीख दिलेली नाही, केवळ त्यांचा बाप्तिस्मा आधीच झाला असल्याचा शेरा आहे. माझी आजी सांगत असे की तिच्या आजोबांचा बाप्तिस्मा ‘लंडन मिशनच्या साहेबां’च्या हातून झाला होता. लहानपणी मला ही केवळ घरातली गोष्ट वाटत असे. नोंदवहीतला तो शेरा पाहिल्यापासून ती खरी असावी असे वाटू लागले आहे.

आणखी दोन अडचणी आहेत. पाळकांची यादी करताना मधली कित्येक वर्षे रिकामी राहतात. आणि मंडळीची वाढ कशी लिहावी हे मला समजत नाही, कारण एका जुन्या अहवालात सभासदांची एक संख्या दिसते आणि त्याच सुमाराच्या दुसऱ्या कागदात तिच्या जवळजवळ तिप्पट. यातले खोटे कोणते? जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती.

---

जुना_शिक्षक_टिळकवाडी

सलाम. आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण हा गोंधळ केवळ आपल्या समितीतला नाही. बेळगावच्या बहुतेक जुन्या ख्रिस्ती घरांत तो आहे. मला माहीत आहे ते क्रमाने सांगतो.

पेशवाईच्या पाडावानंतर १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आला आणि इथे लष्कराचा तळ पडला. दोनच वर्षांनी, म्हणजे १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे (लोकांच्या बोलण्यातले ‘लंडन मिशन’ ते हेच) जोसेफ टेलर बेल्लारीहून बेळगावला आले. बेल्लारीत त्या मिशनचे कानडी काम त्याआधी दहा वर्षांपासून चालू होते, त्यामुळे बेळगावचे केंद्र हे एका अर्थाने बेल्लारीचे लेकरू. हा तपशील आपण अवश्य लिहावा. बेळगाव पुढे मुंबई इलाख्यात गेले तरी इथल्या प्रोटेस्टंट मंडळीची नाळ मुंबईशी नव्हती, दक्षिणेकडच्या कानडी मुलखाशी होती. मात्र ज्या लोकांत काम करायचे होते त्यांत मराठी बोलणारे होते, कानडी बोलणारे होते, छावणीबरोबर आलेले तमिळ भाषकही होते. एकाच आवारात अनेक भाषांतून उपासना चालवण्याची बेळगावची सवय तेव्हापासूनची आहे.

टेलर यांच्या जोडीला विल्यम बेनन आले आणि त्यांनी इथे दीर्घकाळ सेवा केली. १८३२ मध्ये मिशनने इंग्रजी शाळा काढली. आज आपण तिला बेननस्मिथ हायस्कूल म्हणतो. त्या नावात बेनन आणि स्मिथ या दोन्ही लंडन मिशनच्या मिशनऱ्यांची आठवण आहे. शाळा आज मेथडिस्ट व्यवस्थेखाली आहे आणि तिचे नाव मात्र लंडन मिशनच्या माणसांचे आहे. आपल्या समितीतील वादाचे उत्तर बेळगावकरांच्या रोजच्या बोलण्यात असे शंभर वर्षे वावरत आले आहे, आपण त्याकडे लक्ष दिले नाही इतकेच.

या काळातील एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावात झाला, त्यांचे आरंभीचे शिक्षण इथल्याच मिशनच्या शाळेत झाले, आणि पुढे मुंबईत शिकून आल्यावर १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही बेळगावातच. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते, आणि तिचा विषय हिंदू विधवांच्या हालअपेष्टांचा आहे. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांना स्थान मिळाले, पण ज्या शहरात ते जन्मले, शिकले आणि ख्रिस्ती झाले त्या शहरातील मंडळीच्या स्मरणिकांत त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. ते मेथडिस्ट नव्हते, पुढे स्कॉटिश मिशनच्या मंडळीत त्यांनी सेवा केली, हे खरे. पण त्या कारणाने आपण त्यांना परके मानले तर तो आपल्याच इतिहासावर अन्याय होईल.

आता १९०४. त्या वर्षी लंडन मिशनने बेळगावचे काम अमेरिकेच्या मेथडिस्ट एपिस्कोपल मिशनच्या स्वाधीन केले. लंडन मिशनची बाकीची कानडी केंद्रे बेल्लारी आणि बेंगळुरूकडे होती आणि बेळगाव एका टोकाला पडले होते. मेथडिस्टांचे काम त्या वेळेपर्यंत गुलबर्गा, बिदर, रायचूर या बाजूला उभे राहिले होते. हस्तांतरणात इमारती, शाळा आणि जमिनी गेल्या, तशी माणसेही गेली. शनिवारी जे लंडन मिशनचे सभासद होते ते रविवारी मेथडिस्ट झाले, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. त्यांचा बाप्तिस्मा पुन्हा झाला नाही, कारण त्याची गरजच नव्हती. दोन्ही मंडळ्या लहान मुलांना बाप्तिस्मा देत आणि एकमेकांचा बाप्तिस्मा ग्राह्य मानत. आपल्या नोंदवहीतील त्या शेऱ्याचा अर्थ मला तरी हाच दिसतो, आणि आपल्या आजींची आठवण खरी असण्याचा संभव फार मोठा आहे.

म्हणून माझे मत असे की १८२० आणि १९०४ यांपैकी एकच निवडण्याचा हट्ट समितीने सोडावा. बेळगावात ही मंडळी १८२० च्या कामातून जन्मली आणि १९०४ मध्ये मेथडिस्ट झाली, असे सरळ वाक्य लिहावे.

---

दक्षिणेची_वाट

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरी त्यातील शेवटच्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही, आणि आदर राखूनच हे लिहीत आहे. १९०४ ही केवळ नाव बदलण्याची घटना आहे असा समज वाचकांचा होऊ नये.

लंडन मिशनच्या दक्षिणेकडील मंडळ्यांचे पुढे काय झाले ते पाहावे. १९०८ मध्ये त्या दक्षिण भारत संयुक्त मंडळीत सामील झाल्या आणि तिथून २७ सप्टेंबर १९४७ रोजी स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये, म्हणजे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ऐक्यातून झालेल्या मंडळीत, गेल्या. बेल्लारीची मंडळी आज त्या घराची आहे. हस्तांतरण केवळ चार वर्षे लांबले असते तर बेळगावची मंडळीही बहुधा त्याच वाटेने गेली असती, आणि आपल्या दारावर आज मेथडिस्ट ही अक्षरे नसती. इंग्लंडच्या वेस्लियन मिशनमधून निघालेल्या दक्षिणेतील मेथडिस्ट मंडळ्या १९४७ मध्ये त्या ऐक्यात गेल्या; अमेरिकन मिशनमधून निघालेल्या गेल्या नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्या वाटाघाटींतही आपली मंडळी बरीच वर्षे होती आणि अगदी अखेरच्या टप्प्यावर तिने बाहेर राहण्याचा निर्णय घेतला. धारवाड आणि हुबळी इथून अगदी जवळ आहेत, तिथल्या बासेल मिशनच्या मंडळ्या चर्च ऑफ साउथ इंडियात आहेत, आणि आपण नाही, हे आपल्या तरुणांना कोड्यासारखे वाटते. त्या कोड्याचे मूळ १९०४ मध्ये आहे.

शिवाय कारभाराची रीतच बदलली. लंडन मिशनची परंपरा स्थानिक मंडळीच्या स्वायत्ततेला मान देणारी होती, तर मेथडिस्ट व्यवस्थेत बिशप, डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट आणि वार्षिक कॉन्फरन्स (विभागातील पाळक व प्रतिनिधींची सभा) अशी जोडलेली साखळी आहे, पाळक कोण येणार हे बिशप ठरवतात आणि मालमत्ता स्थानिक समितीच्या एकटीच्या हातात नसते. ज्या मंडळीने ऐंशीहून अधिक वर्षे एका रीतीने उपासना आणि कारभार केला, तिला दुसरी रीत शिकावी लागली. त्या पिढीने ती कशी शिकली, हा स्मरणिकेतील एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ‘दोनशे वर्षांची मेथडिस्ट परंपरा’ असे शब्द मात्र कृपया छापू नयेत. ते खरे नाही.

---

जुना_शिक्षक_टिळकवाडी

आपला आक्षेप मला मान्य आहे. माझ्या वाक्याने मी ज्येष्ठांचे समाधान करू पाहत होतो, परंतु त्यांचा ‘परंपरा’ हा शब्द तिथे बसत नाही. १९०८ चा मुद्दा तर माझ्या लक्षातच आला नव्हता.

---

दप्तर_सांभाळणारा

मी एका मेथडिस्ट मंडळीत अनेक वर्षे रेकॉर्डिंग स्ट्यूअर्ड, म्हणजे दप्तर सांभाळणारा, म्हणून काम केले आहे, त्यामुळे कागदांविषयी चार गोष्टी सांगू शकेन.

पाळकांच्या यादीतील रिकाम्या वर्षांनी निराश होऊ नये. मेथडिस्ट पाळकांची नेमणूक दरवर्षी वार्षिक कॉन्फरन्समध्ये वाचली जाते आणि त्या नेमणुका कॉन्फरन्सच्या छापील इतिवृत्तात येतात. आपण मुंबई कॉन्फरन्सची इतिवृत्ते शोधत बसला असाल तर तिथे काही हाती लागणार नाही. राजकीय दृष्ट्या बेळगाव मुंबई इलाख्यात असले तरी मेथडिस्टांनी ते दक्षिण भारत कॉन्फरन्सकडे ठेवले होते. राज्यांची पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ रोजी झाली, पण आमच्या मंडळीचे कागद त्याच्या कितीतरी आधीपासून दक्षिणेकडे जात होते. बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या अभिलेखागारात मिशनचे जुने कागद जतन केलेले आहेत, तिथून आरंभ करावा. १९०४ पूर्वीचा लंडन मिशनचा पत्रव्यवहार लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेच्या ग्रंथालयात आहे, आणि अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे दप्तर न्यू जर्सीतील ड्र्यू विद्यापीठाच्या आवारात आहे. तिथे पत्र पाठवताना गावाचे नाव इंग्रजीतील जुन्या स्पेलिंगने आणि दोन-तीन प्रकारांनी लिहावे, कारण साहेबांनी आपल्या गावांची नावे कानाला ऐकू आली तशी लिहून ठेवली आहेत.

इतिवृत्तात एखाद्या गावापुढे पाळकाच्या नावाऐवजी ‘टू बी सप्लाइड’ असे छापलेले आढळले, तर त्या वर्षी दीक्षा झालेला पाळक नेमलेला नव्हता आणि सुपरिंटेंडंटने स्थानिक प्रचारकाकडून काम चालवून घ्यायचे होते, असे समजावे. आपल्या यादीतील कित्येक रिकामी वर्षे अशीच निघतील. ती वर्षे रिकामी ठेवू नयेत. त्या काळात उपासना चालवणारे प्रचारक, शाळामास्तर आणि क्लास लीडर कोण होते ते शोधून त्यांची नावे तिथे लिहावीत. जॉन वेस्ली यांच्या काळात, १७४२ मध्ये, ब्रिस्टल येथे उपासनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे बारा-बारांचे गट पाडले गेले आणि प्रत्येक गटाचा पुढारी आठवड्याला एकेक पेनी गोळा करू लागला. त्यातूनच क्लास लीडरची प्रथा रुजली, कारण घरोघर जाणाऱ्या त्या माणसाला कोण आजारी आहे, कोणाचे घर अडचणीत आहे हे सर्वांआधी समजू लागले. ज्या व्यवस्थेत पाळक काही वर्षांनी बदलतोच, तिथे मंडळीची स्मृती अशा माणसांकडेच राहते.

आता सभासदांच्या दोन संख्यांविषयी. त्यांतील कोणतीही खोटी असेल असे मला वाटत नाही. मेथडिस्ट अहवालात ‘पूर्ण सभासद’ हा एक रकाना असतो, ‘प्रोबेशनर’ म्हणजे परीक्षाकाळातील सभासद हा दुसरा, ‘बाप्तिस्मा झालेली मुले’ हा तिसरा, आणि या सर्वांची बेरीज ‘ख्रिस्ती समाज’ म्हणून वेगळी दाखवतात. एका कागदात पूर्ण सभासद मोजले असतील आणि दुसऱ्यात संपूर्ण समाज. ज्या मंडळीत तरुण कुटुंबे अधिक असतात तिथे दुसरी संख्या पहिलीच्या तिप्पट होणे मुळीच अवघड नाही. वाढीचा आलेख काढताना आरंभापासून अखेरपर्यंत एकच रकाना धरावा. मी स्वतः एकदा दोन वेगळ्या रकान्यांतील आकडे जोडून वीस वर्षांत मंडळी घटली असा निष्कर्ष काढला होता आणि तो भर सभेत वाचूनही दाखवला होता. ज्या पाळकांच्या कारकिर्दीवर त्यामुळे डाग लागला त्यांची मी नंतर क्षमा मागितली, पण ती गोष्ट अजून मनातून जात नाही. म्हणून इतके विस्ताराने सांगितले.

तारीख नसलेले कागद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. शीर्षकात ‘मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ असेल तर कागद बहुधा १९३९ पूर्वीचा, कारण त्या वर्षी अमेरिकेतील तीन मेथडिस्ट मंडळ्या एक झाल्या आणि ‘एपिस्कोपल’ हा शब्द गळला. त्यानंतर ‘मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया’ हे नाव चालले, आणि १९८१ पासून आपली मंडळी स्वायत्त होऊन ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ झाली. राज्याचे नावही साहाय्य करते: १९५६ नंतर ‘म्हैसूर राज्य’ आणि १ नोव्हेंबर १९७३ नंतर ‘कर्नाटक’. जुने छापील कागद संपेपर्यंत वापरले जात, त्यामुळे एक-दोन वर्षांची सूट ठेवावी.

दफनाची नोंदवही वाचायला कोणी बसत नाही, पण आपण बसावे. १९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यात हाहाकार केला होता. नोंदवही तितकी जुनी असेल तर त्या महिन्यांची पाने पाहिल्याशिवाय आपल्याला त्या दशकातील मंडळीची वाढ अथवा घट समजणार नाही.

---

मिरजेची_लेक

सलाम. मी माहेरची मिरजेची, प्रेसबिटेरियन मंडळीतील. लग्न होऊन बेळगावला आले आणि सभासदत्वाचे पत्र आणून मेथडिस्ट झाले, त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. वरच्या सर्व भावांनी फार चांगली माहिती दिली आहे. मात्र वाढ म्हटली की सर्वांच्या डोळ्यांपुढे बाप्तिस्म्याची नोंदवही येते, आणि माझ्यासारख्या बायका तिच्यात सापडतच नाहीत.

आमचा बाप्तिस्मा दुसऱ्या गावी झालेला असतो, आम्ही पत्र घेऊन येतो. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे काम १८५२ पासूनचे आणि ते पुढे प्रेसबिटेरियन मिशनकडे आले, मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, वेंगुर्ल्यातही त्याच मिशनचे काम होते. या गावांतून नर्स, शिक्षिका, कंपाउंडर बेळगावकडे आले, बेळगावच्या मुली तिकडे नर्सिंग शिकायला गेल्या, सोयरिकी झाल्या. बेळगावच्या मराठी उपासनेत बसणाऱ्या घरांची मुळे शोधली तर कितीतरी घरांत एक तरी आजी अथवा सासू घाटमाथ्यावरून किंवा कोकणातून आलेली निघेल. मंडळीच्या दप्तरात ‘पत्राने आलेले सभासद’ अशी वेगळी नोंद असते. भाऊ, ती काढून पाहा.

आमची कॉन्फरन्स दक्षिणेची आहे, बिशपसाहेबांची पत्रे इंग्रजीत किंवा कानडीत येतात, सुपरिंटेंडंट बहुधा कानडी बोलणारे असतात. तरीही मराठी उपासना इथे टिकली, आणि ती गायनामुळे टिकली असे मी ठामपणे म्हणते. नारायण वामन टिळकांची आणि कृष्णराव सांगळे यांची पदे आम्ही नगरच्या, पुण्याच्या माणसांइतक्याच आपलेपणाने म्हणतो. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्ये गेले. त्यांचा इथल्या मेथडिस्ट मंडळीशी कारभाराचा काहीही संबंध नव्हता. परंतु अभंगाच्या आणि ओवीच्या चालीत प्रभूचे नाव घेता येते हे ज्यांनी मराठी माणसाला शिकवले, त्यांना कॉन्फरन्सची सीमा कशी आडवी येणार? आमच्या घरी नाताळच्या आदल्या रात्री टाळ-मृदंगावर भजने होत आणि कानडी मंडळीतील माणसेही येऊन बसत. शब्द समजले नाहीत तरी ठेका सर्वांना येत असे. आमच्यातील कितीतरी जणांना दोन्ही भाषांतील पदे पाठ आहेत, आणि संयुक्त प्रभुभोजनाच्या दिवशी एक कडवे मराठीत व एक कानडीत म्हणताना सीमेचा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

दुसरी गोष्ट बायबल बायांची. अमेरिकन मेथडिस्ट स्त्रियांनी १८६९ मध्ये बॉस्टनला आपली स्वतंत्र मिशनरी सोसायटी स्थापन केली आणि त्याच वर्षी इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन यांना हिंदुस्थानात पाठवले. ती दोघींची नावे सर्वांना ठाऊक असतात. परंतु साहेबीण मुलींचे बोर्डिंग चालवत असताना वाड्यावाड्यांतून पायी फिरून बायकांना अक्षर शिकवणारी, बाळंतिणीजवळ बसणारी, नऊवारी नेसलेली बायबल बाई आपल्याच गावची असे. अहवालात तिची केवळ संख्या येते, इतक्या बायबल बाया कामावर होत्या म्हणून. तिचे नाव शोधायचे असेल तर दप्तरात सापडणार नाही, मंडळीतील सर्वांत वृद्ध बाईकडे जावे लागेल, आणि लवकर जावे लागेल.

---

दक्षिणेची_वाट

ताईंनी लिहिलेले वाचून एक नाजूक विषय मांडण्याचे धैर्य आले. बिदर आणि गुलबर्गा भागात मेथडिस्ट मंडळीची जी मोठी वाढ झाली ती मुख्यतः दलित समाजातील कुटुंबे, कधी संपूर्ण वस्त्या, एकत्र ख्रिस्ती झाल्यामुळे झाली. आपल्या भागातही प्रत्येक घराची वाट एकसारखी नव्हती. काही जण एकटे आणि घरादाराला मुकून आले, काही कुटुंबासह आले, काही दुष्काळात पोरके झाले आणि मिशनच्या आश्रयाने वाढले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने या जिल्ह्याचे किती हाल केले हे सर्वश्रुत आहे. भाकरीसाठी आले असा टोमणा या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला, म्हणून आपल्या स्मरणिकांत हा भाग गाळला जातो. तो गाळू नये. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते त्याला एका पंक्तीत प्रभुभोजन मिळाले, आणि त्याच्या नातीने शिक्षिका होऊन सर्व जातींच्या मुलांना शिकवले, यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

मात्र जुन्या नोंदवह्यांत पूर्वीची जात, पूर्वीचे नाव आणि आईवडिलांचे नाव लिहिलेले असते. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत, आणि या कारणाने कित्येक घरांत आजही या विषयावर मोकळेपणाने बोलले जात नाही. त्यामुळे नोंदवहीची पाने जशीच्या तशी छापू नयेत. सर्वसाधारण कथन करावे, आणि कोणत्याही कुटुंबाचे नाव त्या कुटुंबाच्या संमतीनेच घालावे.

---

मलप्रभाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल समितीपुढे ही चर्चा वाचून दाखवली. १९०८ आणि १९४७ चा मुद्दा ऐकल्यावर ज्येष्ठ सभासद काही वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनीच सुचवले की मुखपृष्ठावर एकही वर्ष छापू नये. पहिल्या पानावर असा मजकूर द्यायचे ठरले आहे: बेळगाव येथे लंडन मिशनच्या कार्यास प्रारंभ १८२०, ते कार्य मेथडिस्ट मिशनकडे १९०४, आणि त्याखाली आमच्या मंडळीच्या नोंदवहीतील पहिल्या बाप्तिस्म्याचे वर्ष. त्या पहिल्या बाप्तिस्म्याच्या आधी, तारीख नसलेल्या ज्या वयस्क सभासदांच्या नावांपुढे तो शेरा आहे, त्यांच्याविषयी एक स्वतंत्र पान राहील. त्यांच्या वंशजांपैकी जे आज मंडळीत आहेत त्यांच्याकडे संमतीसाठी जाण्याचे काम पाळकसाहेबांनी स्वतःकडे घेतले आहे.

दोन संख्यांचा उलगडा झाला. जुना अहवाल पुन्हा काढून पाहिला तेव्हा एका ठिकाणी खरोखरच ‘पूर्ण सभासद’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ख्रिस्ती समाज’ असे शब्द होते. इतकी वर्षे ते कोणी वाचलेच नव्हते. पत्राने आलेल्या सभासदांची वेगळी वहीही कपाटाच्या तळाशी मिळाली. तिच्यात मिरज, कोल्हापूर आणि वेंगुर्ले ही तिन्ही नावे आहेत, हे ताईंना मुद्दाम कळवतो.

आमच्या मंडळीतील सर्वांत वृद्ध मावशी नंदगडला मुलीकडे राहतात. त्यांची दृष्टी गेली आहे, पण आवाज खणखणीत आहे असे समजले. येत्या रविवारी उपासनेनंतर मी आणि संडे स्कूलच्या शिक्षिका त्यांच्याकडे जाणार आहोत, आणि त्यांच्या लहानपणी वाडीवर येणाऱ्या बायबल बाईचे नाव त्यांना आठवते का, हे सर्वांआधी विचारणार आहोत.